मरेमाचा पाट

आइकारुवानं कोयत्याच्या एका घावात केळीचा घड उतरवला आणि खांद्यावर घेतला, तोच कुंपणाच्या फटीतून तूमाइनी धापा टाकत आत आली. शेजारचीच ती, लाझारोची बायको. तिच्या एका पायात चप्पल होती, दुसरी कुठेतरी वाटेत राहिली होती.

"काकू, ते निघालेत."

"कोण निघालेत? आधी श्वास घे."

"तुमचे दीर. एलिफुराहाकाका. बरोबर गॉडलिसन आहे, आणि पाळकसाहेबांनाही घेतलंय. काकांच्या हातात इसाले आहे, काकू. मी स्वतः पाहिलं, गाठ मारलेलं."

आइकारुवानं घड सावकाश जमिनीवर ठेवला. नाताळचा दुसरा दिवस होता. किलिमांजारोच्या या उतारावर नाताळला एकही घर रिकामं राहत नाही. दार-एस-सलाम, अरुशा, मोंबासा, कुठे कुठे पांगलेली माणसं गाड्या भरभरून घरी येतात, बकरे कापले जातात, आणि वर्षभराची राहिलेली भांडणं जेवणावर मिटतात किंवा आणखी वाढतात. तिच्या घरचं भांडण मात्र नवरा गेला त्या वर्षापासून तिथल्या तिथेच होतं.

इसालेचं पान म्हणजे माफी. ज्यानं अपराध केला त्यानं ते तोडायचं, गाठ मारायची, आणि ज्याचा अपराध केला त्याच्या हातात द्यायचं. समोरच्यानं ते नाकारायचं नाही. या पानावर खून माफ झालेले आहेत. नाकारणाऱ्या घरांचं पुढे काय झालं, याच्या गोष्टी इथल्या पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ होतात.

"ही सगळी गॉडलिसनची अक्कल," तूमाइनी म्हणाली. "काल रात्री त्यांच्याकडे जेवणं चालली होती, तेव्हा म्हणाला, 'बाबा, उगाच विनवण्या कसल्या करता? पान द्या. ती नाही म्हणूच शकत नाही.' आणि सगळे हसले."

"हसले?"

"काका नाही हसले. बाकीचे."

आइकारुवा घडाशेजारी खाली बसली आणि कोयत्याला लागलेला चीक केळीच्या पानानं पुसू लागली. चीक गेला तरी ती पुसतच राहिली.

गोष्ट पाण्याची होती. मरेमा नावाच्या पूर्वजानं डोंगरातल्या झऱ्यापासून हा पाट खणून आणला, तेव्हा इथे ना मिशनरी होते ना मोजणीची यंत्रं. कड्याच्या पोटातून, मुळांच्या खालून, उताराचा नेमका अंदाज घेत त्यानं पाणी उतरवलं, आणि अख्खं गाव त्यावर उभं राहिलं. आजही कुणी बाहेरचा आला की लोक आधी चर्च दाखवत नाहीत, पाट दाखवतात. यंदाच्या मोठ्या पावसात वरची दरड कोसळली आणि तो पाट मधोमध तुटला. वर कातळ, खाली घळ. नवा पाट न्यायला एकच वाट उरली होती, आणि ती आइकारुवाच्या केळीबागेच्या वरच्या अंगातून जात होती.

तिनं नाही म्हटलं होतं. गावातली माणसं आली, तिनं नाही म्हटलं. शहरातून कुळाची मंडळी आली, जमिनीला दाम देतो म्हणाली, तरी नाही. आणि कारण तिनं लपवलं नव्हतं. "जिथे मला तोंड नाही, तिथे माझी जमीन तरी कशाला?" असं ती येईल त्याला सांगत होती.

नवरा नाफ्ताली गेला त्या वर्षी ती पाटाच्या बैठकीला गेली होती. घराच्या पाण्याच्या पाळीचं बोलायला घरातलं कुणीतरी हवं, आणि घरात दुसरं कुणी नव्हतं. पाटाचा प्रमुख तिचा धाकटा दीर, एलिफुराहा. तो सगळ्यांसमोर म्हणाला, "वहिनी, पाण्यात बाईचं तोंड नको. जा, केळी सोला." ती परतली. मागे पुरुष हसत होते.

गंमत अशी की हाच एलिफुराहा रविवारी चर्चच्या पंचमंडळात तिच्या हाताखाली बसायचा. तिथे ती अध्यक्ष. चर्चच्या दवाखान्याला बाळंतिणींची खोली हवी म्हणून हिनंच बायका उठवल्या होत्या. उपासना संपली की प्रत्येकीनं नदीतून एकेक दगड डोक्यावरून आणायचा, असा नेम घातला, आणि त्या दगडांच्या भिंती उभ्या केल्या. पंचमंडळात एलिफुराहा तिला अदबीनं "अध्यक्षबाई" म्हणायचा. तिथून उतरून पाटापाशी आलं की अध्यक्षबाई संपली. दर नाताळला कापलेल्या बकऱ्यातला नाफ्तालीच्या घरचा मानाचा वाटा तो न चुकता पाठवत असे. माफी मात्र कधी आली नाही.

आता पाट तुटल्यापासून दवाखान्याची टाकी कोरडी होती. पोटुशा बायका खाली घळीतून बादल्या आणत होत्या. "स्वतः बांधलेल्या खोलीचं पाणी स्वतःच अडवून बसली," असं लोक बोलत, आणि तिच्या कानावर पडेल इतक्या मोठ्यानं बोलत. ती रोज सकाळी स्वतः एक बादली भरून टाकीत ओतायची आणि कुणाशी न बोलता परत यायची. झोप उडाली होती तिची. पुढे जानेवारीचा कोरडा तडाखा उभा होता. पण आत्ता मान तुकवली तर आपल्या पाठीमागच्या एकीलाही पाटाच्या बैठकीच्या झाडाखाली कधी बसता येणार नाही, हे तिला आरशाइतकं लख्ख दिसत होतं.

"मागच्या दारानं निघा काकू," तूमाइनी म्हणाली. "मोशीला लेकीकडे जा. तुम्ही भेटल्याच नाहीत तर पान कुणाला देतील? नाहीतर सरळ सांगा, मी चर्चची अध्यक्ष आहे, आम्ही हे जुनं मानत नाही."

"मानत नाही?" आइकारुवानं कोयता बाजूला ठेवला. "गेल्या वर्षी गावातले दोघे भाऊ बांधावरून कोर्टात निघाले होते, त्यांच्या हातात पान कुणी दिलं? मीच ना? आणि वर उभं राहून प्रार्थनाही मीच केली. दुसऱ्याच्या दारात पान चालतं आणि माझ्या दारात आलं की अंधश्रद्धा? हे कुठलं ग?"

"पण मग जमीन जाईल."

"येऊ देत त्यांना," ती म्हणाली, आणि उठून हात धुतले.

ते आले. पुढे गॉडलिसन, दार-एस-सलामचा ठेकेदार, पांढरेशुभ्र बूट घालून चिखल चुकवत. देव ऐकतो म्हणून बापानं त्याचं असं नाव ठेवलं, पण तो स्वतः लहानपणापासून कुणाचं ऐकत नाही, अशी त्याची ख्याती. मागे एलिफुराहा, चर्चचा काळा कोट घालून, आणि त्यांच्या मागे पाळक लुवांडा. पाळक इरिंगाकडचे, वयानं तरुण, इथे येऊन वर्षही झालं नव्हतं. आपल्याला कशाला आणलंय ते त्यांना पुरतं कळलेलं नव्हतं.

पान घेऊन आलेल्याला ते स्वीकारल्याशिवाय बस म्हणत नाहीत. ते अंगणात उभे राहिले. आइकारुवा ओट्यावर बसून राहिली. तूमाइनी गोठ्याच्या कडेला गाईच्या आडोशाला उभी राहिली.

"मोठ्याआई, नाताळच्या शुभेच्छा," गॉडलिसन म्हणाला. "फार वेळ घेत नाही. पान आणलंय. सिमेंट येऊन पडलंय, माणसं सांगून ठेवलीत."

"पान कुणाचं आहे?"

"बाबांचं."

"मग त्यांना बोलू दे. तू इतक्या लांबून आलास, दमला असशील."

एलिफुराहा पुढे झाला. दोन्ही हातांत पान होतं, हिरवंगार, मधोमध गाठ मारलेलं.

"वहिनी, आपल्यात जे काही झालं असेल, ते या पानावर सोडून द्या."

"जे काही म्हणजे?"

"तुम्हाला ठाऊक आहे."

"मला ठाऊक आहे. तुम्हाला ठाऊक आहे का, ते विचारतेय."

एलिफुराहानं कोटाची कॉलर सारखी केली आणि पाळकांकडे वळला. "पाळकसाहेब, तुम्हीच सांगा. रविवारी आपण सगळे मिळून पापकबुली देतो. विचारानं, शब्दानं, कृतीनं पाप केलं, एवढंच म्हणतो. तिथे कुणी एकेक पाप मोजून दाखवतं का?"

"तशी गरज नसते," पाळक चाचरत म्हणाले.

"ऐकलंत, वहिनी?"

"तिथे चालतं, भाऊजी. समोर देव असतो, त्याला बाकीचं माहीत असतं. मी देव नाही. मला सांगावं लागेल."

पाळकांनी एकदम मान खाली घातली. त्यांना हसू आवरत नव्हतं.

एक कोंबडी दोघांच्या मधून चालत गेली. गॉडलिसननं घड्याळ पाहिलं. एलिफुराहाचा जबडा हलत होता, शब्द चावत असल्यासारखा. पंचमंडळात, कुळात, पाटावर, कुठेही या माणसाला शब्दासाठी थांबावं लागलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

"नाफ्ताली गेला त्या वर्षी," तो शेवटी म्हणाला, "तुम्ही पाटावर आलात. घराची पाळी मागायला. मी म्हणालो, पाण्यात बाईचं तोंड नको."

"आणि?"

"बाबा, एवढं कशाला," गॉडलिसन मध्येच म्हणाला.

"तू गप्प बस," एलिफुराहा त्याच्याकडे न पाहता म्हणाला. "आणि म्हणालो, जा, केळी सोला. सगळ्यांसमोर. भावाला मातीत ठेवून महिना झाला नव्हता. आणि हसलो."

"नाही," आइकारुवा म्हणाली. "तुम्ही हसला नाहीत. बाकीचे हसले. तुम्ही खाली पाहत होतात."

म्हातारा तिच्याकडे पाहत राहिला. "हे तुम्हाला आठवतंय?"

"जे केलं नाहीत त्याची माफी कशाला मागता?"

त्यावर त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पुसायला हात मोकळा नव्हता, म्हणून ते तसंच गालावरून ओघळलं. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते समोर उभं होतं, आणि तिला मोठमोठ्यानं रडावंसं वाटत होतं. पण गॉडलिसनच्या देखत ती रडणार नव्हती. ती उठली, ओट्यावरून उतरली आणि दोन्ही हातांनी पान घेतलं.

"माफ केलं," ती म्हणाली. "या घरानं माफ केलं."

मग स्टुलं बाहेर आली. तूमाइनीनं गाईमागून येऊन म्बेगेचा भोपळा आणला, केळ्याची ती दारू वडीलधाऱ्यानं आधी घ्यायची म्हणून एलिफुराहाच्या हातात दिली, आणि केळी-मटणाचं गरम सार वाढलं. पाळकांनी प्रार्थना केली, थोडक्यात आणि चांगली. मग वाटी हातात घेऊन त्यांनी हळूच विचारलं, "अध्यक्षबाई, राग मानू नका, पण हे पान शास्त्रात कुठे येतं?"

"पाळकसाहेब, तुमचे मिशनरी इथे आले तेव्हा त्यांनी देवाला नवं नाव आणलं का? नाही. आम्ही म्हणत होतो रुवा, त्यांनीही म्हटलं रुवा. प्रार्थनेत रुवा, गाण्यात रुवा. माझ्या नावात बघा, रुवाच आहे. एकदा देव घेतला म्हटल्यावर त्यानं आमच्या बांधावर लावलेलं इसालेचं झाडही घ्यावं लागतं. सार कसं झालंय?"

"उत्तम," पाळक म्हणाले, आणि त्यांनी आणखी मागून घेतलं.

गॉडलिसनचं मन सारात नव्हतं. "मग मोठ्याआई, उद्या तुमच्या बागेतून आखणी सुरू करायची ना?"

"कोण म्हणालं?"

"म्हणजे? पान घेतलंत की तुम्ही."

"पानावर माफी मागितली, ती दिली. जमीन कुणी मागितली?"

गॉडलिसनचा चमचा हातातच राहिला. "बाबा, ही तर आपल्याला..."

एलिफुराहानं भोपळा तोंडापासून काढला. त्याला हसू येत होतं, आणि बऱ्याच दिवसांनी येत होतं.

"तुला काय वाटलं, मी तिला अडकवायला आलो? अरे, पान दिल्यावर 'बाईचं तोंड नको' हा शब्द मला पुन्हा तोंडातून काढता येत नाही. मला नाही, माझ्या पोरांना नाही, माझ्या जागी बसेल त्यालाही नाही. म्हणून तर इतकी वर्षं हे पान तोडायला माझा हात उठत नव्हता."

"मग आज का उठला?"

"घळीतून पाणी आणणाऱ्या बायका रोज माझ्या दारावरून जातात," म्हातारा म्हणाला. "त्यात एक वहिनी असते. मी खिडकी लावून घेतो. किती दिवस लावून घ्यायची?" त्यानं भोपळा तिच्याकडे सरकवला. "उद्या सकाळी पाटाचं शिंग वाजेल, वहिनी. जमिनीचं तुमचं जे काही असेल, ते तिथे सांगा."

सकाळी शिंग वाजलं तेव्हा किबोच्या शिखरावर बर्फ स्वच्छ दिसत होता. आइकारुवानं चर्चला नेसायचा खंगा नेसला, मग बदलला, आणि शेतावरचा नेसून निघाली. बैठक पाटाच्या तोंडाशी, मोठ्या झाडाखाली. दगडांवर पुरुष बसले होते. ती आली तशी बोलणी थांबली. कुणी उठलं नाही, कुणी हटकलंही नाही. नाफ्ताली बसायचा तो दगड रिकामा होता. ती त्यावर बसली. दगड थंडगार होता.

वरच्या वाटेवरून बायका बादल्या घेऊन घळीकडे निघाल्या होत्या. एरवी बैठक चालू असली की त्या खाली न पाहता झपझप निघून जात. आज त्या थांबल्या होत्या.

एलिफुराहानं कोरड्या पाटात थोडी म्बेगे ओतली आणि मरेमाचं नाव घेतलं. मग टोपी काढली आणि सगळ्यांनी मिळून प्रभूची प्रार्थना म्हटली, चागा भाषेत, रुवाला. पाळक लुवांडा एका बाजूला उभे होते. म्बेगे ओतताना त्यांनी दुसरीकडे पाहिलं नाही, आणि प्रार्थना त्यांनी सगळ्यांत मोठ्यानं म्हटली.

मग घरांची हाक सुरू झाली. पाटावरच्या प्रत्येक घराचं नाव घ्यायचं आणि त्या घरच्यानं 'आहे' म्हणायचं; त्याशिवाय पुढचं बोलणं नाही. ज्यांचे पुरुष शहरात, त्यांच्या वतीनं भाऊ नाहीतर चुलते म्हणत. नाफ्ताली गेल्यापासून त्याच्या घराचं एलिफुराहाच म्हणायचा. नाव घ्यायचा आणि त्याच दमात 'आहे' म्हणून पुढे जायचा.

"नाफ्तालीचं घर," तो म्हणाला, आणि थांबला.

आइकारुवानं पुष्कळ काही ठरवून ठेवलं होतं. मरेमापासून सुरुवात करायची, मग दवाखान्यावर यायचं. त्यातलं एक अक्षर आठवेना.

"आहे," ती म्हणाली. चर्चच्या गायनात लागतो तसा तिचा आवाज लागला, झाडाखाली हवा त्यापेक्षा मोठा. कुणी हसलं नाही. "आणि हे घर पाटाला जमीन देतंय. दाम नको. फक्त दवाखान्याची पाळी..."

"जमिनीचं नंतर," एलिफुराहा म्हणाला. "आधी घरं होऊ देत."

तिला राग यायला हवा होता. आला नाही. वेळेआधी तोंड उघडणाऱ्या प्रत्येकाला तो असंच गप्प करत असे, नाफ्तालीलाही करायचा. तिनं खंग्याचा पदर सावरला आणि ताठ बसली. आयुष्यात पुष्कळदा तिच्यासाठी टाळ्या वाजल्या होत्या, दवाखान्याच्या उद्घाटनाला तर बिशपनं वाजवल्या होत्या. पण गप्प बसवल्याचा असा अभिमान तिला कधी वाटला नव्हता.

हाक पुढे चालली. एकेक घर 'आहे' म्हणत गेलं.

"लाझारोचं घर."

लाझारो अरुशाला ट्रक चालवायचा, नाताळलाही त्याला सुट्टी मिळाली नव्हती. त्याच्या वतीनं नेहमी म्हणायचा तो थोरला भाऊ दगडावर सावरून बसला, त्यानं तोंड उघडलं.

"आहे," वरून आवाज आला.

सगळ्यांनी माना वर केल्या. वाटेच्या कडेला तूमाइनी उभी होती. डोक्यावरची बादली तिनं एका हातानं धरली होती, आणि तिचा चेहरा असा झाला होता, जणू दुसरंच कुणी बोललं.

एलिफुराहानं आइकारुवाकडे पाहिलं. तिनं मान हलवली. नाही, हे तिनं शिकवलेलं नव्हतं. लाझारोच्या भावानं तोंड मिटलं. म्हाताऱ्यानं कोरड्या पाटाकडे पाहिलं.

"खाली ये, तूमाइनी," तो म्हणाला. "तिथून नीट ऐकू येत नाही."

वर बादली जमिनीवर टेकल्याचा आवाज झाला. मग दुसरी टेकली. मग तिसरी.